तुझ्या दुसऱ्या पर्वातली थोरली

मुरली,

तुझ्यावर लोक फार चांगलं लिहितायत. मी सगळं वाचते, चष्मा पुसून पुसून वाचते. तू कुठे जन्मलास, कोणती नाटकं लिहिलीस, ‘न झालेलं राज्य’ या मालिकेने तुला कुठल्या कुठे नेऊन ठेवलं, हे सगळं त्यांनी लिहिलंय, म्हणून मी ते पुन्हा लिहीत बसत नाही. परवा एकाने लिहिलं की तुझ्या लेखणीत आईचं काळीज होतं. ते वाचून झाल्यावर मी तो पेपर पाटावर पसरला आणि त्यावर कोथिंबीर निवडली.

आधी तुझं चांगलं सांगते. नंतर जमेल की नाही, माहीत नाही.

दहावीनंतर मला घरी बसवायचं ठरलं होतं. नाना म्हणाले, मुलीला जळगावला होस्टेलवर ठेवून काय करायचंय. माय गप्प होती. मी रडून घेतलं. तू तेव्हा नऊ-दहा वर्षांचा असशील. तू ओसरीतल्या कापसाच्या ढिगावर जाऊन पडलास आणि जाहीर केलंस की अक्काला शिकायला पाठवेपर्यंत मी जेवणार नाही. दोन दिवस तू उठला नाहीस. डोळे अर्धे मिटून असा पडायचास, की शेजारची म्हातारी येऊन तुझ्या कपाळाला अंगारा लावून गेली. तिसऱ्या दिवशी नाना हरले. मला ट्रंक घेऊन दिली आणि बोदवड स्टेशनवर सोडायला स्वतः आले. ढिगाच्या पलीकडून माय तुला गूळ-शेंगदाणे देत होती आणि वर ‘बठ्ठं खाई टाक’, सगळं संपव, म्हणून दटावत होती, हे मला फार वर्षांनी कळलं. म्हणजे उपाशी तू नव्हतासच. पण मी शिकले, जामनेरच्या शाळेत इतिहासाची शिक्षिका झाले, ती तुझ्या त्या पहिल्या नाटकामुळे. ते मी कधी विसरले नाही. विसरता आलं असतं, तर पुढचं सोपं गेलं असतं.

माय शिरपूरकडची. लग्न होऊन बोदवडकडे आली तरी तिने तिकडची बोली सोडली नाही. तिच्या ‘आहे’च्या जागच्या ‘शे’ला आपल्या काकू हसायच्या. पाहुणे आले की नाना तिला आत बसायला सांगायचे. आपण दोघं पोरं घरात तिच्यासारखं बोलायचो, आणि बाहेर पाय ठेवला की दुसऱ्यासारखं. तू त्या लाजेचं पुढे सोनं केलंस. ते तुझंच कर्तृत्व, मी नाकारत नाही.

पहिल्या पर्वाच्या वेळचे आपले फोन आठवतात. इंग्रज आपल्या देशात कधी आलेच नाहीत, तापीकाठी आपलं एक राज्य आहे, कापूस सुरतेच्या बंदराला जातो, सातपुड्यातले लोक राज्याच्या फौजेत मानाने बसतात आणि गादीवर एक राणी आहे, असं तू सांगत सुटायचास. मी वह्या तपासत ऐकायची. तू विचारायचास, अक्का, इंग्रज नसते तर आपल्याकडे काय काय नसतं? मी म्हटलं होतं, रेल्वे उशिरा आली असती, मग बोदवडला स्टेशन नसतं, मग नाना बैलगाडीत बसून शिरपूरला मुलगी बघायला गेले असते का? नसतेच गेले, त्यांची कंबर दुखायची. म्हणजे तू नाहीस आणि मीही नाही. तू इतका हसलास की फोन तुझ्या हातून पडला. ते वाक्य तू मालिकेत वापरलंस, वेगळ्या माणसाच्या तोंडी. मला आनंद झाला होता.

राणीच्या तोंडी तू मायची बोली घातलीस. पहिलं पर्व आलं तेव्हा माय माझ्याकडे होती, आणि तिचं डोकं ताळ्यावर राहिलेलं नव्हतं. मला ती ‘बाई’ म्हणायची. पण टीव्हीवर राणी बोलायला लागली की माय ताठ बसायची आणि तिला उत्तरं द्यायची. राणीने सरदाराला झापलं की माय म्हणायची, बराबर शे. महिनोन्महिने जी कुणाशी नीट बोलली नव्हती, ती तुझ्या राणीशी बोलत होती. मी तुला फोन करून ते ऐकवलं, तेव्हा तू रडलास. मी तुला म्हटलं, ये ना एकदा, भेटून जा. तू म्हणालास, हे शूटिंग संपू दे.

तू आलास तो पुढच्या उन्हाळ्यात, संध्याकाळी, न सांगता. तोवर माय घराबाहेर पळायला लागली होती. एकदा ती पहूरच्या रस्त्यावर ट्रकच्या पुढ्यात सापडली. ट्रकवाल्याने ब्रेक मारला म्हणून वाचली. त्यानंतर मी तिच्या खोलीला बाहेरून कडी बसवली. संध्याकाळी मी स्वयंपाकाला लागले की कडी लावायची, ताटं वाढली की काढायची. तेवढ्या वेळात माय दार बडवायची. गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडायची, ‘दार उघाड वं पोरी, माले मना घर जावानं शे.’ तिला शिरपूरकडच्या तिच्या बापाच्या घरी जायचं असायचं. ते घर पडून त्या जागी आता दुकानं झालीत, हे मी तिला कितीदा सांगितलं असेल.

तू बरोबर त्या वेळी आलास. ओट्यावर उभा राहिलास. तुझी बॅग तुझ्या खांद्यावरच होती. मी पिठाच्या हाताने बाहेर आले, तुला म्हटलं, बस, आता काढतेच कडी. तू काही विचारलं नाहीस. मला वाटलं तुला धक्का बसलाय. आता कळतं, तू ऐकत होतास, तिचं एकेक अक्षर लक्षात ठेवत होतास. जेवलास, मायच्या पायाशी पाच मिनिटं बसलास, आणि सकाळच्या गाडीने गेलास.

त्यानंतर ती गेली ती माझ्या मांडीवर. सकाळची वेळ होती, दार सताड उघडं होतं, मी तिला चमच्याने पेज भरवत होते. शेवटचं तिने मला विचारलं, ‘मुरली उना का?’ मी म्हटलं, हो, आला. तिने दाराकडे पाहिलं. मी तिचं तोंड पुसलं. तू तिसऱ्या दिवशी राख सावडायला आलास.

मग दुसरं पर्व आलं.

मला तू आधी काही सांगितलं नाहीस. शूटिंग शिरपूरच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याशी चाललं होतं. तिथून सकाळी निघालं तर जामनेरला दुपारच्या जेवणाला पोचता येतं, पण तू फिरकला नाहीस. मी समजले, कामात असेल. दिवाळीच्या सुटीत आम्ही दोघांनी, म्हणजे मी आणि ह्यांनी, फराळाचं ताट पुढ्यात घेऊन ते पर्व लावलं.

दुसऱ्या पर्वात राणी म्हातारी होते. तिला भ्रम होतो. थोरली मुलगी, जिला तू नाव दिलं नाहीस, नुसतं ‘थोरली’ म्हटलंस, ती गादीसाठी आईला खोलीत कोंडते. बाहेरून कडी लावते आणि पिठाच्या हाताने दाराबाहेर उभी राहते. आतून राणी ओरडते, ‘दार उघाड वं पोरी, माले मना घर जावानं शे.’ थोरली ऐकते आणि परत जाऊन भाकरी थापते. धाकटा मुलगा मोहिमेवर असतो. तो आईसाठी सगळं टाकून घोडा फेकत येतो, दार फोडतो, पण तोवर राणी दाराशी मरून पडलेली असते. पर्व तिथे संपतं.

ह्यांनी टीव्ही बंद केला आणि फराळाचं ताट आत नेऊन ठेवलं. मी पिठाचे हात पाहत बसले. त्या दिवशी माझ्या हाताला पीठ नव्हतं, तरी पाहत बसले.

तू मुंबईला होतास, तुला माहीत नाही तो सीन इथे किती चालला. लोकांनी तो स्टेटसला ठेवला. गल्लीतल्यांनी मायचं ओरडणं स्वतःच्या कानांनी ऐकलेलं होतं. मालिकेने त्यांना त्याचा अर्थ लावून दिला. नववीच्या मुली मी वर्गात शिरले की एकमेकींना कोपर मारायच्या. फळ्याकडे वळले की मागून कुणीतरी बारीक आवाजात म्हणायचं, थोरली आली. एका लग्नात पंगतीत मी बसले, तर शेजारची बाई ताट उचलून पलीकडे गेली. समोरची सुमन, जिच्या दोन्ही बाळंतपणांत मी डबे पोचवले, ती ह्यांना म्हणाली, भाऊ, आम्हाला तेव्हाच वाटायचं, पण कुणाच्या घरात कशाला बोला. हे तिच्यावर ओरडले नाहीत. घरी येऊन मला सांगितलं आणि आंघोळीला गेले.

मी तुला फोन केला. आपलं ते भांडण अजून संपलेलं नाही, म्हणून इथे लिहिते.

तू म्हणालास, अक्का, ते पात्र आहे, त्यात तुझं नाव कुठे आहे. मी म्हटलं, नाव नाही, पण मायचं वाक्य आहे, माझी कडी आहे, माझ्या हाताचं पीठ आहे. तू म्हणालास, ‘माय काय एकट्या तुझी होती?’ मी म्हटलं, तिला धुवायची वेळ आली तेव्हा एकट्या माझीच होती. मग म्हणालास, आणि हे तू फार शांतपणे म्हणालास, ‘तू तिचं केलंस हे मला मान्य आहे. पण त्यात गोष्ट नाही, अक्का.’

मी तुला सांगितलं, पुन्हा माझ्या दारात पाय ठेवू नकोस. तू म्हणालास, बरं.

संक्रांतीनंतर धुळ्याला तुझा सत्कार झाला. खानदेशचा सुपुत्र वगैरे. मी गेले नाही, पण तो व्हिडिओ मला इतक्या जणांनी पाठवला की पाठ झालाय. तू शाल पांघरून माइकसमोर उभा आहेस. मायबद्दल बोलतोयस. माझी अशिक्षित माय, तिचे शब्द मी फक्त तुमच्यापर्यंत आणले, असं म्हणतोयस. मग तू ‘माय’ म्हणतोस आणि पुढचा शब्द येत नाही. पुन्हा प्रयत्न करतोस. ओठ एका बाजूला ओढला जातो. लोकांना वाटलं, तुझा कंठ दाटला. सभागृहात टाळ्या सुरू झाल्या. तू माइकचा दांडा धरून कलतोयस आणि टाळ्या वाढतायत. पुढच्या रांगेतल्या बाया डोळ्यांना पदर लावतायत. तू खाली पडलास तेव्हा कुठे टाळ्या थांबल्या.

उजवी बाजू गेली. वाचा गेली. धुळ्याच्या दवाखान्यात मालिकेवाली माणसं आली, दोन दिवस फोनवर बोलत फिरली, तिथल्या सिस्टरला पहिल्या पर्वातले किस्से सांगितले, आणि परत गेली. तुझी बायको तुला सोडून गेल्याला किती वर्षं झाली. ती येणार नव्हतीच. डॉक्टरांनी विचारलं, जवळचं कोण? कुणीतरी माझा नंबर दिला. मी स्वयंपाकघरात उभी होते. हे म्हणाले, आपलाच आहे, घेऊन येतो. मी हो म्हटलं नाही आणि नाही पण म्हटलं नाही. ते गाडी करून गेले आणि तुला घेऊन आले.

तुला मायच्या खोलीत ठेवलं. दुसरी खोली रिकामी नव्हती असं मी सगळ्यांना सांगितलं. होती. तुला आत नेताना तुझी मान दाराकडे वळली. ती कडी तू पाहिलीस. मी तुला पाहू दिली. नंतर मी ते दार पूर्ण उघडून त्याला दगड लावून ठेवला, आणि तू असेपर्यंत तो दगड हलवला नाही.

तुझं सगळं मी केलं. त्याचं मोठेपण सांगत नाही, मायचं करून हात बसलेला होता. अंग पुसणं, कूस बदलणं, मऊ भात कालवून भरवणं, उजव्या हातात चेंडू देऊन दाबायला लावणं. तू कृतज्ञ दिसायचास. मला ते सहन व्हायचं नाही. मग मी ह्यांना म्हटलं, दिवसभर छताकडे बघतो बिचारा, त्याच्या खोलीत टीव्ही लावू. त्यांना ते पटलं. आठवडाभर तू क्रिकेट पाहिलंस.

मग एका दुपारी, सकाळची शाळा सुटल्यावर, हे केळीच्या बागेत गेलेले असताना, मी कूलर चालू केला, तुझ्या पाठीला उशी दिली आणि दुसरं पर्व लावलं. पहिल्या भागापासून.

रोज दुपारी एक भाग. मी तुझ्या शेजारी खुर्ची घेऊन बसायची. थोरली पडद्यावर आली की मी चित्र थांबवायची आणि तुला विचारायची, असं झालं होतं का? तू डोळे मिटायचास. मी म्हणायची, डोळे उघड. तू उघडेपर्यंत मी पुढे लावायची नाही. धाकटा मोहिमेवर निघतो, आईच्या पायावर डोकं ठेवून रडतो, तिथे मी विचारलं, हा कोण? सांग, हा कोण? तुझ्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. मी ते पुसलं, तुझा डावा हात वर यायच्या आत, आणि चित्र पुढे लावलं. हे मी का केलं असं कुणी विचारलं, तर मला करायचं होतं म्हणून केलं. मला त्याचं वाईट वाटत नाही.

शेवटच्या भागाच्या दिवशी मी ठरवलं होतं की त्या सीनला चित्र थांबवायचं नाही, तुला सलग बघू द्यायचं. कडी लागली. पिठाचे हात आले. राणी ओरडायला लागली. मी पडद्याकडे नाही, तुझ्याकडे बघत होते. मला वाटलं, आता तरी तुझी मान खाली जाईल.

तुझा डावा हात पांघरुणातून वर आला. बोट तू हवेत गोल फिरवलंस. मला आधी कळलं नाही. तू पुन्हा फिरवलंस. तुला तो सीन परत बघायचा होता.

मी परत लावला. तुझे ओठ राणीबरोबर हलत होते. तोंडाची एक बाजू मेलेली होती, पण दुसऱ्या बाजूने तू एकेक शब्द जुळवत होतास, ताल धरल्यासारखा. तुझा चेहरा असा उजळला होता, जसा लहानपणी नाना हरले तेव्हा ढिगावर उजळला होता. तुला मी दिसत नव्हते, माय दिसत नव्हती. तुला फक्त सीन चांगला झाल्याचं दिसत होतं. आणि मुरली, तो चांगला झालाच होता. तिसऱ्यांदा लावला तेव्हा मीसुद्धा रडले. माझ्याच दारामागे मरणाऱ्या त्या परक्या बाईसाठी रडले.

तेव्हाच तुझ्या घशातून तो शब्द आला. ‘उघाड.’ इतक्या महिन्यांत पहिला शब्द. स्पष्ट, मायच्या आवाजात आला.

मी ह्यांना फोन करून सांगितलं, मुरली बोलला. हे धावत आले. तू त्यांच्याकडे बघून म्हणालास, उघाड. डॉक्टर म्हणाले, असं होतं, एखादाच शब्द मागे राहतो, आणि तोच सगळ्याला वापरला जातो. तसंच झालं. पाणी हवं, उघाड. लघवीला आली, उघाड. भात गरम लागला, उघाड. तुला दुसरा शब्द येत नव्हता आणि हा एक तू सोडत नव्हतास. आवाजही तुझा होता तसाच, नाटकातला, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा.

दार उघडंच होतं. दगड लावलेला होता. पण गल्लीतून दार दिसत नाही, आवाज मात्र जातो. त्याच खोलीतून, तोच शब्द, दिवसभर. चौथ्या-पाचव्या दिवशी ओट्यासमोर बाया उभ्या राहायला लागल्या. सुमन डबा घेऊन आली, तुला बघायचंय म्हणाली. मी तिला आत नेलं, दगड दाखवला, कडीला जुनं फडकं बांधलंय ते दाखवलं. ती तुझ्या उशाशी बसली आणि तू तिच्याकडे बघून म्हणालास, उघाड, उघाड. तुला बहुतेक खिडकी उघडून हवी होती, घाम आला होता तुला. तिने तुझा हात हातात घेतला आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुन्हा काही दाखवलं नाही. शाळेत मुख्याध्यापकांनी बोलावून विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? मी म्हटलं, भाऊ आजारी आहे. ते म्हणाले, हो, कानावर आलंय.

तुला समजत होतं का रे? मी तुझ्या डोळ्यांत पुष्कळ शोधलं. कधी वाटायचं, तू मुद्दाम करतोयस. मी कूस बदलायला वाकले की माझ्या कानाशी हळू म्हणायचास, आणि गल्लीत पावलं वाजली की मोठ्याने. ह्यांना बोलून दाखवलं तर ते म्हणाले, असं नको बोलू, आजारी माणूस आहे. मग मी बोलले नाही.

वैशाखात तुझ्या छातीत कफ भरला. जळगावला नेलं. दोन दिवस तू यंत्रावर होतास, आणि तोंडात नळी असल्यामुळे पहिल्यांदाच गप्प होतास. मी तुझ्याजवळ बसून शाळेचे पेपर तपासले. मला ती शांतता आवडली, हे लिहायला हवं. तिसऱ्या दिवशी सकाळी गेलास. तुला जामनेरला आणलं तेव्हा सगळी गल्ली बाहेर होती. बाया मोठ्याने रडल्या. सुमन तुझ्या पायांवर डोकं ठेवून म्हणाली, सुटला बिचारा. मला कुणी धरायला आलं नाही. हे आले, पण त्यांना खांदा द्यायचा होता, ते लगेच गेले.

तेराव्यानंतर थोरली आली.

म्हणजे ती नटी, जिने दुसऱ्या पर्वात मला केलं. मुंबईहून मोठी गाडी घेऊन आली. गल्लीत बातमी पसरली आणि तीनच मिनिटांत ओट्यासमोर गर्दी झाली. ज्या बायांनी माझ्या घरचं पाणी सोडलं होतं, त्या तिच्या गळ्यात हात टाकून फोटो काढत होत्या. सुमनने तिला विचारलं, तुम्ही किती वाईट वागता हो त्या मालिकेत, आणि दोघी हसल्या. मी दारात उभी होते. कुणी मला बाजूला हो म्हणालं, फोटोत येत होते म्हणून.

ती आत आली, माझ्या पाया पडली. चांगली मुलगी आहे, रे. मी चहा केला. तिला मी कोण हे माहीत होतं; तूच सांगितलं होतंस. तिला काहीतरी बोलायचं होतं आणि बशीतला चहा निवला तरी जमत नव्हतं. शेवटी ती म्हणाली, त्या सीनच्या आधी मी सरांना विचारलं होतं, या बाईचा आईवर राग आहे का, लोभ आहे का, मी नक्की काय दाखवू?

मी विचारलं, मग काय म्हणाला?

‘सर म्हणाले, राग बिग काही नाही. आईचं जे केलं ते हिनेच केलं. दुसरं कुणी फिरकलं नाही.’ तिने बशी खाली ठेवली. ‘मी म्हटलं, मग सर, तसंच दाखवू या ना. तर म्हणाले, ते दाखवलं तर धाकट्याचं काय करू?’

मग तिने माझा हात धरला. तिला वाटत होतं, हे ऐकून मला बरं वाटेल. एवढ्यासाठी ती मुंबईहून आली होती. मी तिला केळीचे वेफर्स बांधून दिले आणि गाडीपर्यंत सोडलं.

इतके महिने मी समजत होते की तुला दिसलंच नाही; फोनवरचं तुझं ‘मान्य आहे’ मी तोंडदेखलं धरलं होतं. एका संध्याकाळी आलास, कडी पाहिलीस, चुकीचं समजलास. ज्याला कळलं नाही त्याला मी धुतलं, पुसलं, भरवलं, छळलं. एकेका दुपारी तुला समजावत राहिले, असं झालं होतं का म्हणून. आणि तुला सगळं ठाऊक होतं, माझ्याइतकंच नीट. कळून-सवरून तू मला दाराबाहेर उभं केलंस आणि स्वतःला घोड्यावर बसवलंस. हे मला आधी माहीत असतं, तर मी तुला घरात घेतलं नसतं का? घेतलं असतं. भात कालवून भरवलाही असता. यासाठी मला तुझ्यापेक्षा माझाच जास्त राग येतो.

हे संध्याकाळी शेतातून आले, विचारलं, काय म्हणाली ती? मी म्हटलं, मुरलीची आठवण काढत होती, तुमच्याबद्दल चांगलं बोलायचा म्हणाली. ते खूश झाले. म्हणाले, होताच तो तसा.

काल जळगावहून तुझ्या त्या संपादक मित्राचा फोन आला. दिवाळी अंकात तुझ्यावर पानं आहेत, बहिणीने लिहिलेलं काहीतरी हवंय, हळवं, घरातलं. मी म्हटलं, देते, पण त्यातलं काही कापायचं नाही. तो म्हणाला, अक्का, तुमचं कसं कापू.

अंक आला की हे वाचतील, सुमनही वाचेल. शाळेतल्या मुली वाचतील. लोक म्हणतील, मेलेल्या भावावर असं लिहितात का. म्हणू देत. तू माझ्यावर मी जिवंत असताना लिहिलंस.

— तुझी अक्का